दुखणं थांबलं, पण हाडाचं काय?



"आरोग्य आणि अर्थ" या सदरासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा तगादा बरेच दिवस चालला होता. मी गेली बावीस वर्षं फार्मसिस्ट म्हणून औषधांच्या काउंटरमागे उभी आहे, तेव्हा विषयांची वाण नसावी असं त्यांना वाटत असणार. पण दिवसभर जे बोलते तेच पुन्हा घरी येऊन लिहायचा कंटाळा येत असे. शेवटी विषय मिळाला तो माझ्याच घरात. तोही मान खाली घालायला लावणारा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे चँडलरला आल्या. वय चौऱ्याहत्तर. गुडघे जुनेच दुखरे, बाकी तब्येत ठणठणीत. येताना लोणची, मेतकूट, भाजणी आणि गोळ्यांचा डबा हे सगळं आलंच. डब्यात कॉम्बिफ्लामच्या पट्ट्या, अॅसिडिटीच्या गोळ्या, व्होवेरान, शिवाय नाव पुसलं गेलेली एक पट्टी. रात्री एक कॉम्बिफ्लाम आणि सकाळी उठल्याबरोबर अॅसिडिटीची गोळी, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम.

नोव्हेंबरात एके दिवशी गॅरेजमधून कणकेची वीस पौंडांची पिशवी उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली. मी कामावर होते. संध्याकाळी आले तेव्हा म्हणाल्या, "अगं, जरा उसण भरली आहे. दोन दिवसांत जाईल." मीही म्हटलं, "आई, रात्रीच्या गोळीबरोबर दुपारीही एक घ्या." कॉम्बिफ्लाम संपल्यावर मीच त्यांना घाऊक दुकानातली आयब्युप्रोफेनची पाचशे गोळ्यांची बाटली आणून दिली. ठणका कमी झाला. त्या स्वयंपाकाला लागल्या, देवळात आल्या, मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीळगूळही त्यांनीच वळला.

मधेच एकदा तक्रार आली, "तुमच्या इथल्या मशीनने माझे परकर लांब झालेत गं. जमिनीला घासतात." आम्ही सगळे हसलो. नात म्हणाली, "आजी, मशीनमध्ये कपडे आटतात, वाढत नाहीत." तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. परकर वाढला नव्हता, सासूबाई कमी झाल्या होत्या.

फेब्रुवारीत त्यांना खुर्चीतून उठताना दुसऱ्यांदा कळ आली, आणि या वेळी गोळीने भागेना. डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढला. दोन मणके खचलेले. एक ताजा, एक जुना. जुना म्हणजे बहुधा त्या कणकेच्या पिशवीच्या दिवसाचा. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस दुखत असताना आला का नाहीत? मी ते मराठीत सांगितलं, तर सासूबाई अगदी निरागसपणे म्हणाल्या, "दुखत कुठे होतं? गोळी घेत होते की!"

त्या एका वाक्याने मला बरेच दिवस झोप लागली नाही. मी रोज लोकांना गोळ्यांबद्दल शहाणपण सांगते, आणि घरातल्या माणसाचा मणका तीन महिने गोळीखाली झाकून ठेवला. त्याहून मोठा प्रश्न असा, की या गोळ्यांनीच हाडं पोखरली की काय? हा प्रश्न मला काउंटरवर आणि मंडळाच्या कार्यक्रमांतही पुष्कळ वेळा विचारला गेला आहे. म्हणून मुळापासून पुन्हा वाचायला बसले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

कोणत्या गोळ्यांबद्दल बोलतो आहोत?

दुखण्यावरच्या साध्या गोळ्यांचे मुख्य दोन गट. पहिल्यात पॅरासिटामॉल. भारतातलं क्रोसिन आणि इथलं टायलेनॉल ही एकाच औषधाची दोन नावं. हे दुखणं आणि ताप कमी करतं, पण सूज फारशी उतरवत नाही.

दुसरा गट सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांचा. आयब्युप्रोफेन म्हणजे ॲडव्हिल, मोट्रिन. नॅप्रॉक्सेन म्हणजे अलीव्ह. डायक्लोफिनॅक म्हणजे व्होवेरान, व्होल्टारेन. सेलेकॉक्सिब म्हणजे सेलेब्रेक्स. ॲस्पिरिनही याच कुळातलं. भारतात ॲसिक्लोफिनॅकच्या गोळ्या सर्रास मिळतात, तेही याच गटातलं. अमेरिकेत त्याला मान्यता नाही, त्यामुळे इथल्या डॉक्टरला ते नाव सांगून पुष्कळदा बोध होत नाही. कॉम्बिफ्लाममध्ये दोन्ही गट एकत्र आहेत: आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. म्हणजे एक कॉम्बिफ्लाम घेतली की दोन ॲडव्हिल आणि वर एक साधी टायलेनॉल पोटात गेली असं समजा. हे माहीत नसल्याने कॉम्बिफ्लाम घेऊन वर ॲडव्हिल घेणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

या लेखात मी ज्या गोळ्यांबद्दल लिहिते आहे त्या दुसऱ्या गटातल्या.

हाडाची डागडुजी

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे. जुन्या वाड्यात जसं कायम काही ना काही काम निघत असतं, तसं हाडात चालू असतं. एक टोळी पाडकामाची. ती जुनं, थकलेलं हाड खरवडून काढते. दुसरी बांधकामाची. ती त्या जागी नवं भरते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने घडतो. तरुणपणी दोन्ही टोळ्या बरोबरीने चालतात. वय झालं, बाईची पाळी गेली, की पाडकाम पुढे जातं आणि बांधकाम मागे पडतं. हाड आतून विरळ होतं. यालाच आपण हाडं ठिसूळ होणं म्हणतो.

या टोळ्यांना हाका मारून कामाला लावायला मुकादम लागतात. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं हा त्यातला एक मुकादम. गंमत अशी की हाच मुकादम पाडकामालाही हाक मारतो आणि बांधकामालाही. आणि शरीराला कुठे इजा झाली की दुखणं, सूज आणि ताप यांची आरोळी ठोकणाराही तोच.

१९७१ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि तिची भावंडं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. त्या कामाबद्दल त्यांना १९८२ साली दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. थोडक्यात, आपली गोळी मुकादमाचं तोंड बंद करते. आरोळी थांबते, म्हणून दुखणं थांबतं. पण आरोळीबरोबर हाकाही थांबतात. पोटाच्या अस्तराचं रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा हीदेखील याच मुकादमाची कामं. म्हणून गोळीने जळजळ होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मग हाडाचं काय?

मोडलेलं हाड आणि गोळी

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं आणि पहिले काही दिवस सूज येते. ही सूज म्हणजे दुरुस्तीचं बोलावणं. तिच्यामुळे दुरुस्तीच्या पेशी गोळा होतात, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड धरतो, पुढे तो कडक होतो आणि नंतर कित्येक महिने त्याला घडीव आकार येत राहतो. तेव्हा सुरुवातीलाच बोलावणं दाबलं तर जोड धरायला उशीर होईल, ही शंका रास्त आहे.

२००२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स-२ हे द्रव्य ज्यांच्यात जन्मतःच नाही, त्या उंदरांची मोडलेली हाडं नीट जुळत नाहीत. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांबद्दलचा एक बोलका पुरावा २००३ साली प्रसिद्ध झाला. खुब्याच्या वाटीला मोठा मार लागून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना, नको त्या जागी हाड वाढू नये म्हणून, याच गटातलं इंडोमेथॅसिन देतात. त्यातल्या काहींच्या हातापायांची लांब हाडंही त्याच अपघातात मोडलेली होती. ज्यांना इंडोमेथॅसिन दिलं त्यांच्यापैकी २६ टक्क्यांची ती लांब हाडं जुळली नाहीत. ज्यांना दिलं नाही त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होतं. नको असलेलं हाड वाढू नये म्हणून जे औषध वापरतात, ते हवं असलेलं हाडही रोखू शकतं, हे ऐकल्यावर पटण्यासारखं आहे.

मात्र इथेच थांबून घाबरून जाऊ नका. २०१९ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. मोठ्या माणसांत या गोळ्या घेणाऱ्यांची हाडं न जुळण्याची किंवा उशिरा जुळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट दिसली. पण ज्यांनी थोड्या मात्रेत, थोडे दिवस गोळ्या घेतल्या त्यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. लहान मुलांतही दिसला नाही. तेव्हा किती आणि किती दिवस, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

लहान मुलांबद्दल मुद्दाम सांगते, कारण मंकी बारवरून किंवा ट्रँपोलीनवरून पडून हात मोडणं आपल्याकडच्या मुलांना नवीन नाही. मुलाच्या डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन सांगितलं तर "हाड जुळणार नाही" म्हणून ते टाळून मुलाला रडत ठेवू नका. हात मोडलेल्या मुलांना कोडीनच्या औषधापेक्षा आयब्युप्रोफेनचा त्रास कमी होतो आणि उपयोग निदान तेवढाच होतो, असं २००९ सालच्या अभ्यासात दिसलं आहे.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. हाड मोडलं असेल किंवा मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पहिले काही आठवडे ही गोळी स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये. आपल्या सर्जनला विचारावं. सिगरेट ओढणारे, मधुमेही आणि वयस्कर यांची हाडं मुळातच सावकाश जुळतात, त्यांनी तर नक्कीच.

रोजच्या गोळीने हाडं ठिसूळ होतात का?

हा खरा सासूबाईंचा प्रश्न. याचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं. मुकादम दोन्ही टोळ्यांना हाक मारतो हे आठवा. त्याचं तोंड बंद केलं तर पाडकामही मंदावेल आणि बांधकामही. शेवटी हिशोब कुठल्या बाजूला झुकेल ते माणसागणिक बदलतं.

अभ्यासांतही हेच दिसतं. १९९६ साली अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांची हाडं किंचित दाट दिसली, पण म्हणून त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. २००६ साली कॅनडातल्या अभ्यासात रोज कॉक्स-२ रोखणारी गोळी घेणाऱ्या पुरुषांच्या खुब्याचं हाड विरळ दिसलं, तर पाळी गेलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेणाऱ्या स्त्रियांत उलट दाट. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांची हाडं जास्त मोडलेली आढळली, पण अभ्यासकांचंच म्हणणं असं पडलं की त्याला गोळीपेक्षा मूळ आजार कारणीभूत असावा. ज्याला संधिवात आहे तो गोळीही घेतो आणि पडतोही जास्त.

तात्पर्य, नुसत्या आयब्युप्रोफेनने हाडं पोखरतात असा पुरावा नाही. तशी ती मजबूत होतात असाही नाही. हे वाचून मला निम्मी झोप परत मिळाली. उरलेली निम्मी का मिळाली नाही, ते पुढे सांगते.

गोळीची संगत

काही माणसं स्वतः वाईट नसतात, पण त्यांची संगत वाईट असते. या गोळ्यांचंही तसंच आहे.

पहिली सोबतीण अॅसिडिटीची गोळी. दुखण्याच्या गोळीने जळजळ होते म्हणून ओमेप्राझोल, पँटोप्राझोल सुरू होतं आणि मग ते वर्षानुवर्षं बंदच होत नाही. २०१० साली अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला, की या गोळ्या मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ घेणाऱ्यांत खुबा, मनगट आणि मणका मोडण्याचा धोका वाढू शकतो. शिवाय पोटातलं आम्ल कमी झालं की कॅल्शियम कार्बोनेट नीट अंगी लागत नाही. अशांनी कॅल्शियम सायट्रेट घेतलेलं बरं. पण ऐका, ज्यांना अल्सर झाला आहे किंवा जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांना पोटातला रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी खरोखरच लागते. त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये. बाकीच्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारावं, "ही मला अजून लागते का?"

दुसरी सोबत आपल्या ॲरिझोनाच्या उन्हाची. २०२३ साली फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० अंशांवर किंवा त्याच्याही वर होता, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाला रक्त पोचवण्याचं काम पुष्कळसं त्या मुकादमावर येतं. नेमक्या त्या वेळी गोळी घेऊन आपण त्याचं तोंड बंद करतो. त्यात रक्तदाबाची लिसिनोप्रिल किंवा लोसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तिघी मिळून मूत्रपिंडाला कोंडीत पकडतात. आता मूत्रपिंडाचा हाडाशी काय संबंध? ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देण्याचं शेवटचं काम मूत्रपिंडच करतं. मूत्रपिंड कायमचं दुबळं झालं तर पुढे हाडंही दुबळी होतात. म्हणून भर उन्हाळ्यात, जुलाब-उलट्या चालू असताना, किंवा निर्जळी उपासाच्या दिवशी ही गोळी नको.

तिसरी संगत सगळ्यात वाईट, आणि ती लपूनछपून येते. ती म्हणजे स्टेरॉइड. लोक "सूज उतरवणारं औषध" म्हणून दोन्हींना एकाच माळेत ओवतात, पण प्रेडनिसोन, डेक्सामेथासोन ही वेगळी जात. तोंडावाटे तीन महिने किंवा जास्त घेतलेलं स्टेरॉइड हाडं नक्की विरळ करतं, आणि ते सुरुवातीच्या महिन्यांतच करायला लागतं. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड असेल तर ते हाडांची काळजी घेतात. धोका आहे तो न सांगता दिलेल्या स्टेरॉइडचा. "शंभर टक्के वनस्पतीजन्य" म्हणून मिळणाऱ्या सांधेदुखीच्या गोळ्या-चूर्णांनी चार दिवसांत गुडघे पळायला लागले, तर आनंदाआधी शंका यायला हवी. ही नुसती भीती नव्हे. २०२२ साली एफडीएने आर्त्री किंग या नावाने विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या गोळ्यांबद्दल इशारे दिले. वेष्टनावर उल्लेख नसलेलं डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन त्यांत सापडलं होतं. अशी गोळी महिनोन्‌महिने घेतली असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं ते सांगा. कोणी रागावणार नाही.

मग माझं काय चुकलं?

सासूबाईंची हाडं गोळीने ठिसूळ झाली नव्हती. त्यांची पाळी चाळिशीतच गेली होती. दुधाचा आयुष्यभर तिटकारा. सांगलीत उन्हाचा तोटा नाही, पण उन्हात जाणार कोण? आपल्या सावळ्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला वेळही जास्त लागतो. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत मुलामुलींच्या हाडांवर, कॅल्शियमवर आणि ड जीवनसत्त्वावर वर्षानुवर्षं काम झालं आहे, ते उगीच नव्हे. इथे आपण सूर्याच्या राज्यात राहतो आणि दिवसभर एअर कंडिशनरमध्ये बसतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, हेही लक्षात घ्या. आम्ही १९९७ साली इथे आलो तेव्हा प्राइस रोडच्या आजूबाजूला कापसाची आणि लसूणघासाची शेतं होती, आणि मी मुलीला बाबागाडीत घालून संध्याकाळी बांधावरून फिरायची. आता शेतंही नाहीत आणि ते फिरणंही नाही.

गोळीने जे केलं ते असं की तिने मणक्याची आरोळी बंद केली. ठिसूळ हाडांना स्वतःचं दुखणं नसतं. दुखतं ते हाड मोडल्यावर. म्हणजे खचलेल्या मणक्याची कळ हीच आम्हाला आलेली पहिली आणि शेवटची सूचना होती, आणि मी तिच्यावर पाचशे गोळ्यांची बाटली ठेवली. तेव्हाच एक्स-रे काढला असता, औषध सुरू केलं असतं, तर दुसरा मणका वाचला असता का? कदाचित. एकदा मणका खचला की पुढच्या वर्षभरात दुसरा खचायचा धोका बराच वाढतो, हे मला पुस्तकात माहीत होतं. जवळजवळ दोन-तृतीयांश खचलेले मणके कोणाच्या लक्षातच येत नाहीत, हेही माहीत होतं. घरात मात्र मी सूनच होते आणि तीही घाईत असलेली.

थोडं पैशांबद्दल

सदराचं नाव आरोग्य आणि अर्थ आहे, तेव्हा हाही भाग सांगायला हवा. आम्ही सासूबाईंसाठी पाहुण्यांचा विमा घेतला होता. विमा कंपनीने हाडांची ठिसूळता हे जुनं दुखणं धरलं आणि हात वर केले. एक्स-रे, डॉक्टर, पट्टा, सगळं आमच्या खिशातून गेलं. त्यावरून शिकलेल्या चार गोष्टी:

१. आईवडिलांना बोलावण्याआधी त्यांची हाडांची डेक्सा तपासणी भारतातच करून घ्या. ती थोड्या मिनिटांची असते, दुखत नाही, आणि इथल्या मानाने खर्चही कमी. औषधही तिथेच सुरू होईल.

२. पाहुण्यांच्या विम्यात "आधीपासून असलेला आजार" म्हणजे नेमकं काय धरतात, ते पॉलिसीत वाचा. स्वस्त पॉलिसी आणि चांगली पॉलिसी यांतला फरक तिथेच असतो.

३. आपल्यापैकी ज्या स्त्रियांनी पासष्टी ओलांडली आहे, त्यांना ही तपासणी करावी अशी इथली शिफारस आहे. पाळी गेलेल्या पण पासष्टीच्या आतल्या आणि धोका जास्त असलेल्या स्त्रियांनाही. बहुतेक विमा योजना तिचा खर्च देतात. मेडिकेअर पात्र व्यक्तींसाठी दर २४ महिन्यांनी एकदा देते. आईवडील ग्रीनकार्डवर असतील, तर वय ६५ आणि इथे सलग पाच वर्षं वास्तव्य झाल्यावर त्यांना हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं.

४. तुमचं एचएसए किंवा एफएसए खातं असेल, तर २०२० पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे पैसेही त्यातून देता येतात. पावत्या जपून ठेवा. मात्र खात्यात पैसे उरलेत म्हणून पाचशेची बाटली आणू नका!

घरात लावून ठेवण्याजोगी यादी

• प्रिस्क्रिप्शनशिवाय घेतलेलं आयब्युप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नको आणि दुखण्यासाठी दहा दिवसांच्या पुढे नको. दहा दिवसांनी गोळी लागतच असेल, तर डॉक्टर लागतो.

• दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच गटातल्या नाहीत ना, ते पाहा. भारतातल्या पट्टीवर औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरांत असतं. चष्मा लावून वाचा. नाव पुसलेली पट्टी फेकून द्या.

• गुडघा-मनगटाच्या दुखण्याला आधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून पाहा. २०२० पासून ते इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं. गोळीच्या मानाने ते रक्तात फार कमी उतरतं.

• पॅरासिटामॉलचा हाडांना त्रास नाही, पण यकृताला मर्यादा आहे. सगळ्या औषधांतलं मिळून दिवसाला ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नको, आणि वयस्करांनी ३००० च्या आतच राहावं.

• हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ८१ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन हा लेख वाचून बंद करू नये. मात्र तिच्याबरोबर आयब्युप्रोफेन घेतलं तर तिचा उपयोग कमी होऊ शकतो, म्हणून फार्मसिस्टला विचारा.

• पन्नाशीनंतर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधात साधारण ३००, शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५०. दही, ताक, तीळ, नाचणीची भाकरी, हे आपलंच अन्न आहे. ड जीवनसत्त्व सत्तरीपर्यंत रोज ६०० आणि पुढे ८०० युनिट. कमतरता असेल तर डॉक्टर जास्त देतील.

• उंची दीड इंचाने कमी झाली, पाठीला बाक आला, साडी किंवा पायजमा लांब वाटायला लागला, तर एक्स-रे काढून घ्या. वाढदिवसाच्या दिवशी दाराच्या चौकटीवर नातवंडांची उंची मापतो, तशी आजी-आजोबांचीही मापा.

• पन्नाशीनंतर वाकताना, उचलताना, शिंकताना अचानक पाठीत कळ आली, तर ती उसणच आहे असं घरच्या घरी ठरवू नका.

असो. सासूबाईंना डॉक्टरांनी हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. ती सकाळी अनशापोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दुखण्यासाठी आधी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनची बाटली मी स्वयंपाकघरातल्या फळीवरून उचलून माझ्या खोलीत ठेवली. जायच्या आधीचे सहा आठवडे आम्ही दोघी रोज सकाळी मॉलमध्ये दुकानं उघडायच्या आत फेऱ्या मारायचो. त्या पुढे, माझा हात धरून, आणि वाटेत प्रत्येक दुकानाच्या काचेत आपली पाठ सरळ आहे का ते बघत.

आता त्या सांगलीला आहेत. दर रविवारी फोन असतो. परवा म्हणाल्या, "आज जरा पाठ धरली आहे. पण म्हटलं, गोळी घ्यायच्या आधी तुला सांगावं." मी त्यांना पंधरा मिनिटं प्रश्न विचारले. कुठे, कधीपासून, काय उचललंत, पाय बधिर होतात का? नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी विचारायला हवे होते ते सगळे.

मंडळी, हा लेख म्हणजे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला नव्हे. चालू असलेलं कुठलंही औषध यावरून बंद किंवा सुरू करू नका. तुमच्या घरी या उन्हाळ्यात देशातून कोणी येणार असेल, तर एवढंच करा. त्यांचा गोळ्यांचा डबा एकदा सगळा टेबलावर ओता, आणि प्रत्येक गोळीसमोर विचारा, "ही कशासाठी? आणि कधीपासून?"